उजवं मडगार्ड

मामा अजून विचारतो. गेल्या आठवड्यात नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून आला, ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्याला, ऊस, पाऊस, गुडघे असं सगळं बोलून झालं आणि मग नेहमीसारखा त्याच जागी येऊन थांबला. "सुमे, तुला त्यातलं समदं कळतंय. खरं सांग, त्या उजव्या मडगार्डात माझं कुठं चुकलं हुतं?" मी म्हटलं, "मामा, जेव आधी. भाकरी गार होतीय." तो मान हलवून जेवायला लागला. ऐंशीला टेकलाय, पण हे विचारायचं सोडत नाही, आणि मी भाकरी वाढायची सोडत नाही. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि ऑपरेशनला तो भितो, म्हणून मी हे निर्धास्त लिहिते. कुणी वाचून दाखवलंच तर दाखवू दे, माझी काही हरकत नाही. फक्त हा कबुलीजबाब आहे असं समजून कुणी डोळे पुसत बसू नये. मला तेव्हा वाईट वाटलं नाही, आज वाटत नाही, आणि चुकून वाटायला लागलंच तर मी 'राखणदार' हा शब्द मनातल्या मनात एकदा म्हणते. लगेच बरं वाटतं.

आमचं शेड काष्टीच्या अलीकडं, दौंड रोडला होतं. पुढं शेड, मागं घर, मधे एक गोणपाटाचा पडदा. आबा, म्हणजे माझे वडील, आधी नगरच्या लष्करी वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचे. तिथनं सुटल्यावर त्यांनी हे शेड टाकलं. ट्रॅक्टरची मडगार्डं, ट्रकची केबिनं, टेम्पोचे चेपलेले दरवाजे असं सगळं यायचं. वाळूनं भरलेली बकऱ्याच्या कातड्याची पिशवी लाकडी ओंडक्यावर ठेवायची, तिच्यावर सपाट पत्रा धरायचा आणि लाकडाच्या मोगरीनं ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं. पोट आलं की मागनं लोखंडी गोळा लावून वरनं हातोडीनं गुळगुळीत करायचं. मोगरीचा आवाज धप धप असा जाड, हातोडीचा टिणटिण असा बारीक. पडद्यामागं आई त्या आवाजावर घर चालवायची. धपधप थांबून टिणटिण सुरू झालं की ती पीठ मळायला घ्यायची, आणि टिणटिण विरळ झालं की तवा ठेवायची. आबा हात धुवून आत येईपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. हुलग्याच्या शेंगोळ्या, ठेचा, बाजरीची भाकरी. आमच्या घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडं बघायचं कुणाला काम पडत नव्हतं.

माझ्या वाट्याला आलेलं काम जरा वेगळं होतं. आबांचे तळवे इतकी वर्षं ठोकून ठोकून बधिर झाले होते. चहाचा गरम पेला ते असा धरायचे की बघणाऱ्याचा हात भाजावा. पत्र्याचं खरं काम तर हातालाच कळतं. डोळ्याला जो पत्रा आरशासारखा दिसतो त्याच्यावरनं तळवा फिरवला की कुठं उंचवटा आहे, कुठं खळगा आहे ते समजतं. म्हणून आबांनी मला लहानपणीच शिकवलं. हाताला जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळायचं, डोळे मिटायचे आणि हात फिरवायचा. फडक्यातनं जास्त कळतं, हे कुणाला खरं वाटत नाही, पण करून बघा. मी डोळे मिटून "हितं, आबा" म्हणायचे आणि ते बरोबर तिथं हातोडी टाकायचे. दहावीचा अभ्यासही मी त्या शेडातच केला, पत्र्याच्या ढिगावर बसून. बायकांना हे काम जमत नाही असं पुढं आयुष्यभर ज्यानं ज्यानं मला ऐकवलं, त्याच्या गाडीला मी सगळ्यांच्या शेवटी हात लावला. आजही माझ्या शेडात तोच नियम आहे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, शांताराम. कर्जतकडं पाऊस नाही, काम नाही, म्हणून आईनं त्याला आमच्याकडं आणला. आबांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं. पत्रा तापवून तांबडा करायचा आणि हवेवर गार होऊ द्यायचा म्हणजे तो मऊ पडतो. कडेला साडीच्या निऱ्यांसारख्या चुण्या पाडायच्या आणि तापवून ठोकून त्या पत्र्यातच जिरवायच्या म्हणजे कड आत वळते. हे सगळं मामानं भराभर उचललं. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोलू. आई त्याच्या ताटात पहिली भाकरी टाकायची आणि आम्हाला म्हणायची, "माझ्या भावाच्या हातात जादू हाय." एकच खोट होती. साच्यावर पत्रा बसला की मामाला काम संपलं असं वाटायचं. आबा त्याला सारखे म्हणायचे, "शांताराम, गाडीपाशी जा. पत्रा तिला लावून बघ. परत आन, परत लावून बघ." मामा म्हणायचा, "तुमचा साचा हाय म्हनल्यावर कशाला बघायचं, दाजी? तुमचा साचा कधी चुकलाय व्हय?" आबांना ते ऐकून आत कुठंतरी गोड वाटायचं, मला त्यांच्या मिशीवरनं कळायचं. त्यामुळं ते पुढं रागवायचे नाहीत.

मग एक दिवस रावसाहेबांची गाडी आली. रावसाहेब म्हणजे आमच्या भागातले मोठे बागाईतदार. कॅनॉलच्या दोन्ही अंगाला त्यांचा ऊस, मळ्यात बंगला, दारात कायम चार-दोन माणसं ताटकळत उभी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उसाच्या पाचटाखाली झाकून, त्यांच्या आजोबांची विलायती गाडी आमच्या दारात उतरवली. गाडी कसली, सांगाडाच होता. रावसाहेब काठी टेकवत तिच्याभोवती फिरले आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आमच्या आजोबांनी ही एकदा पाटाच्या चारीत घातली हुती. बैलं लावून काढली. पन म्हातारा काय चालवायचा थांबला न्हाई." डाव्या बाजूचं पुढचं मडगार्ड गंजून चाळणी झालेलं होतं, तरी आकार शिल्लक होता. उजवं तर नव्हतंच. त्याचे तुकडे करून मळ्यात कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरले होते, आणि ते तुकडेही कुठं गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. अशा गाडीची मडगार्डं म्हणजे चाकावरनं वर चढून, पुढं घरंगळत येऊन, वर दिव्याला बैठक देणारी. सरळ रेघ कुठंच नाही. आबा बराच वेळ उकिडवे बसून त्या डाव्या मडगार्डाकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "व्हईल." त्या दिवशी जेवताना त्यांच्या ताटात काय वाढलं होतं हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

साच्यासाठी रावसाहेबांनीच त्यांच्या बांधावरची वाळलेली बाभळ पाडून दिली. आबांनी गंजक्या डाव्या मडगार्डावर पुठ्ठे लावून लावून त्याचे उतार कापून घेतले आणि डाव्याचा साचा केला. मग तेच पुठ्ठे उलटे करून उजव्याचा. बाभळीच्या फळ्या उभ्या-आडव्या एकमेकींत बसवून केलेला सांगाडा, त्याच्यावर पत्रा असा चपखल बसला पाहिजे की मधे उजेड दिसू नये. उजव्याच्या साच्यावर मी इतके दिवस हात फिरवला की आंधळी झाले असते तरी मला तो पाठ होता. आबा एकदा त्याच्यावर थाप मारून म्हणाले, "सुमे, हे मडगार्ड आता जगात कुठं न्हाई. फकस्त ह्या लाकडात हाय." मला ते फार आवडलं होतं. काम संपलं म्हणून पुठ्ठे आईनं कधीच चुलीत घातले होते.

डावं मडगार्ड तयार झालं, गाडीला चढलं, आणि काय सांगू, रस्त्यानं जाणारे ट्रकवाले ब्रेक मारून उतरायचे. आबा नवा सदरा घालून शेडात काम करायला लागले. चौदा एप्रिलच्या जयंतीला गावातली चार माणसं त्यांना म्हणाली, "किसनराव, तुमी आपलं नाव काढलं," तर ते नुसते लाजले. त्यांना दुसरं काही नको होतं. त्या गाडीपुढं उभं राहून कुणी विचारलं की हे कुणी केलं, तर कुणीतरी त्यांच्याकडं बोट दाखवावं, एवढंच. रावसाहेब ते दाखवतील असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं.

पुण्याहून पाहुणे आले तो दिवस. रावसाहेबांच्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि ही होणाऱ्या व्याह्यांची मंडळी, जुन्या गाड्यांची हौस असलेली. आईनं सकाळपासून शेड झाडून सडा टाकला होता. मी आमचे बरे पेले काढून चहा केला होता. तो त्यांच्यातल्या कुणी घेतला नाही, रावसाहेब मधेच म्हणाले, "चहा बंगल्यावर." बरं, ठीक आहे. त्यांच्यातला एक जाडसर गृहस्थ मडगार्डापाशी वाकला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "अहो, हे अप्रतिम आहे. कोणी केलं?" आबा दोन पावलं पुढं झाले. रावसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मुंबईहून कारागीर आणलावता," ते म्हणाले. "विलायतेत शिकून आलेला. महिनाभर ठेवून घेतला." गृहस्थांनी आबांकडं बघून विचारलं, "आणि हे?" रावसाहेब हसले. "हा किसन. राखणदार आहे इथला." मामा शेजारीच उभा होता. गृहस्थ त्याच्याकडं वळून म्हणाले, "मग तुम्ही पाहिलं असेल त्या कारागिराला काम करताना?" आणि माझ्या मामानं, आबांच्या हातचं खाऊन मोठ्या झालेल्या माझ्या मामानं, मान हलवली. "व्हय जी. लई भारी मानूस हुता."

मी गाडीच्या पलीकडं उभी होते, हाताला फडकं तसंच गुंडाळलेलं. आबा जिथं उभे होते तिथंच राहिले. मग त्यांनी खाली वाकून जमिनीवरचा एक चुका, बारका खिळा, उचलला आणि खिशात टाकला, जणू तेवढ्यासाठीच ते पुढं आले होते. पाहुणे जीपकडं गेल्यावर रावसाहेब मागं रेंगाळले आणि मामाला हळू आवाजात म्हणाले, पण मला ऐकू आलं, "हात चांगला आहे रे त्याचा, पन नाव सांगता येतं का चारचौघांत? मंग इचारत्यात, कोन, कुठला. आपल्याला सोयरीक करायचीय." एवढं ऐकलं आणि माझ्या कानांतनं जाळ निघाला. आजही लिहिताना निघतोय, उगाच खोटं कशाला सांगू. मेले ते कधीच, पण मेलेल्या माणसावरचा राग विझतो असं कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी निरोप आला. उरलेलं काम मळ्यात होईल, शांताराम करील, गाडी घेऊन जातोय, आणि उजव्याचा साचाही द्या. बाभळ आमच्या बांधावरची आहे. मामानं आदल्या दिवशीच ट्रंक भरली होती. रावसाहेब त्याला स्टँडजवळ स्वतःचं गॅरेज टाकून देणार होते, वर त्याच्या नावाची पाटी. आई पडद्यात उभी राहून म्हणाली, "शांत्या, तू त्यांच्यासमोर मान का हलवली?" मामा म्हणाला, "आक्के, तुला न्हाई कळायचं. मोठ्या मानसाफुडं असंच ऱ्हावं लागतं. दाजींचं काय, त्यांचं वय झालं." तिनं त्याला वाटेत खायला भाकरी बांधून दिली, आणि मला तिचा इतका संताप आला की मी तिच्याशी बोलायचंच सोडलं. गाडी त्याच दुपारी ट्रॉलीवर चढवून गेली. साचा न्यायला टेम्पो रविवारी सकाळी येणार होता.

शनिवारी आबा काष्टीच्या बाजारला गेले. आणायचं काही नव्हतं, त्यांना शेडात बसवत नव्हतं. मी उजव्याच्या साच्यापुढं बसले, नेहमीसारखं फडकं गुंडाळून त्याच्यावरनं एकदा पूर्ण हात फिरवला, मग फडकं सोडून ठेवलं आणि रंधा घेतला. घाई केली नाही. बाभळ फार चिवट, रंध्याला लवकर दाद देत नाही, पण मला तर दुपारभर वेळ होता. जिथं मडगार्ड बॉनेटला येऊन मिळतं तिथनं मी बोटभर उतरवलं. चाकावरच्या उंच भागाला एक बारीकसा उतार दिला. दिव्याची बैठक जिथं येते तिथं पुढच्या अंगाला कानस लावली, थोडी थोडी, हातानं बघत बघत. मग सगळं घासून असं मिळवून टाकलं की नवीन लाकूड कुठं दिसू नये, वर जुन्या ऑइलचा हात दिला. साचा दिसायला होता तसाच, उलट जरा जास्तच देखणा. मला ठाऊक होतं मामा काय करणार. मामा साच्यावर पत्रा बसवणार, मधे उजेड दिसेनासा झाला की थांबणार, आणि गाडीपाशी एकदाही जाणार नाही. आबांना पाण्यात बघणाऱ्या मालकाच्या पदरी गेला होता तो, तरी आबांच्या साच्यावर त्याचा देवासारखा विश्वास होता. तेवढ्या विश्वासावर मी त्याला गाठला.

खाली बघते तर भुश्श्याचा आणि सालप्यांचा ढीग. आणि वर बघते तर पडद्यापाशी आई. ती कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिच्या भावाचं गॅरेज, त्याची पाटी, त्याचं सगळं त्या ढिगात पडलेलं होतं, आणि हे कळायला ती काही अडाणी नव्हती, मोगरीच्या आवाजावर घर चालवणारी बाई ती. मला वाटलं आता झिंज्या धरते. रंधा माझ्या हातातच होता, लपवायला जागाही नव्हती. ती आत गेली, टोपली आणि झाडणी घेऊन आली, खाली बसून सालपीन् सालपी गोळा केली, कोपऱ्यात उडालेली बोटांनी वेचली. टोपली कमरेवर घेऊन उठली आणि म्हणाली, "सांजच्याला जळण न्हाई घरात. हे बरं झालं." बस्स. त्या संध्याकाळपासून मी तिच्याशी परत बोलायला लागले.

आमच्याकडं चुलीला कापसाच्या पळाट्या नाहीतर पाचट असायचं, त्याचा जाळ भसकन येतो आणि जातो. बाभळीचा जाळ शांत असतो. आबा बाजारातनं आले, हातपाय धुवून ताटावर बसले, एक घास खाल्ला आणि चुलीकडं बघितलं. "बाभळ कुठली आनली?" आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "व्हती पडल्याली." मी ताटात डोकं घालून बसले. आबांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. सकाळी टेम्पो आला तेव्हा साचा त्यांनी स्वतः दोरानं बांधून दिला, खाली पोतंही घातलं, घासू नये म्हणून.

लग्नाला चार-दोन दिवस राहिले तेव्हा जीप आली. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी आत्ताच्या आत्ता बोलावलंय." आबा म्हणाले, "पोरीला संगं घेतो." मळ्यात मांडवाचं काम चाललेलं, आचाऱ्यांचे चुलाणे खणून झालेले, आणि बंगल्याच्या बाजूला ती गाडी, रंग दिलेली, चकाकणारी. डाव्या अंगानं बघितलं तर राणी. मग आम्ही पुढनं गेलो. मला हसू आवरायला दातांनी जीभ धरावी लागली. उजवं मडगार्ड बॉनेटपासून सुटून उभं होतं, मधल्या फटीतनं खालची माती दिसत होती, आणि उजवा दिवा खाली बघत होता. एक डोळा समोर, एक डोळा पायाशी, अशी ती चकणी गाडी वरातीची वाट बघत उभी होती. मामा जवळच जमिनीवर बसलेला. त्याचं तोंड इतकंसं झालं होतं. "दाजी, साच्यावर घट बसतंय वो," तो म्हणाला, "जराबी उजेड न्हाई. आयच्यान् सांगतो. गाडीवरच बसंना."

"किसन, ह्यानं वाट लावली," रावसाहेब म्हणाले. "का तुझा साचाच चुकला?" साचा तिथंच भिंतीला लावून ठेवला होता. आबा त्याच्यापाशी गेले, दोन्ही हात त्याच्यावर ठेवले आणि सावकाश वरनं खाली आणले. त्या हातांना काही कळत नाही, हे मला माहीत होतं, मामालाही होतं. मग ते बाजूला झाले आणि म्हणाले, "सुमे, फडकं गुंडाळ. तू सांग." सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी फडकं गुंडाळलं, डोळे मिटले, साच्यावरनं हात फिरवला. माझा प्रत्येक घाव मला हाताखाली लागत होता. हात मी फिरवत राहिले, कारण एकदा उचलला की बोलावं लागणार होतं, आणि मी ज्याच्यासाठी हे केलं त्याच माणसाचा साचा सगळ्यांसमोर चुकीचा ठरणार की काय, हे तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी डोळे उघडले आणि म्हटलं, "साचा बरूबर हाय, आबा. गाडीच वाकडी हाय."

आबांनी मान डोलावली. "पोरीचा हात कधी चुकत न्हाई, रावसाहेब. तुमच्या गाडीची छाशीच, खालचा सांगाडाच वाकडा हाय." आणि बघा मजा, रावसाहेबांनीच कपाळावर हात मारला. "आजोबा! चारीत घातली तवाच वाकली आसंल!" मला तर एवढं सुचलंही नसतं. मग त्यांचा आवाज उतरला. पहिल्यांदाच उतरलेला ऐकला मी. "किसनराव, घरात लग्न हाय. पुन्याचे पाव्हणे येत्यात. कायबी कर, बस हितं, ठोकठाक कर. तुझं नाव सांगतो समद्यांना. मांडवात माईकवर सांगतो, की ह्या मानसानं केलं."

आता ऐका. आबांना आयुष्यात हवं होतं ते हेच. हातोडी घेऊन ते बसले असते तर दोन दिवसांत त्यांनी ती फट मिटवली असती, वाकड्या साच्याचं मडगार्ड उघडून परत घडवलं असतं, तेवढी ताकद होती त्यांच्यात. आणि मी मनात म्हणत होते, नका, आबा, नका. आबांनी खिशात हात घातला, काहीतरी चाचपलं आणि म्हणाले, "राखणदाराचं नाव माईकवर कशाला सांगता, रावसाहेब? मुंबईच्या त्या मानसाला बोलवा की. विलायतेत शिकल्याला हाय." नमस्कार केला आणि वळले. ड्रायव्हर जीपचा दरवाजा उघडून उभा होता, त्याला म्हणाले, "चालत जातो आमी."

वरात निघालीच त्या गाडीतनं. फटीत झेंडूची फुलं ठासून भरली होती, आणि खाली बघणाऱ्या दिव्यावर एवढा मोठा हार टाकला की तो दिसूच नये. हार सारखा सरकायचा आणि एक माणूस पळत पळत तो वर करायचा. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मन भरून बघितलं. पुढं रावसाहेबांनी गाडी पुण्याला नेऊन छाशी सरळ करून घेतली. सरळ छाशी सरळ करायला गेले, ती खरोखरच वाकडी झाली, मग डावं मडगार्डही बसेना. अजून ती गाडी त्यांच्या नातवाकडं आहे. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात येते, तेव्हा मी मुद्दाम जाते, उजव्या बाजूला उभी राहते आणि फटीत भरलेल्या पुटीला नव्या भेगा पडल्यात का ते बोटानं बघते. पडलेल्या असतात. मामाचं गॅरेज झालं नाही. रावसाहेबांनी त्याला वरातीनंतर दारात उभंसुद्धा केलं नाही. तो टेम्पो चालवायला लागला आणि दर वेळी आमच्या दारावरनं जाताना हॉर्न दाबायचा. आई ऐकायची आणि भाकऱ्या थापायची. त्याचं कुठं चुकलं ते तिनंही त्याला मरेपर्यंत सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते त्या चालत आलेल्या वाटेचं. कॅनॉलच्या कडेनं आम्ही दोघं येत होतो, दुपार कलली होती, उसाला पाणी चाललं होतं. आबा पुढं, मी मागं. त्यांना कळलंय की नाही, कळलं तर काय म्हणतील, आपल्या साच्यावर रंधा चालवला म्हणून मारतील का, नाव मिळायचं ते घालवलं म्हणून रडतील का. आबांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं आणि मला ते बघायचं नव्हतं. शेवटी न राहवून मी म्हटलं, "आबा." ते थांबले नाहीत. खिशातनं त्यांनी तो चुका काढला, शेडातला, त्या दिवशी उचललेला, आणि कॅनॉलच्या पाण्यात टाकून दिला.

"सुमे," ते पुढं बघत म्हणाले, "त्या शनिवारच्या भाकरी लई ग्वाड झाल्त्या बघ."